वरचं खाणं सुरू झालं आणि शी खडा झाली

"सहा महिने अंगावर पीत होता तोवर काही त्रास नव्हता. वरचं सुरू केलं आणि आता तीन-तीन, चार-चार दिवस शीच होत नाही. काय करू?" बालआहार समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा नेहमीचा प्रश्न. उन्हाळ्यात तर जास्तच. गेल्या एप्रिलमध्ये कराडजवळच्या एका गावातून आई आणि आजी साडेसात महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या. त्यांचीच हकिकत सांगते, कारण बहुतेक घरांत जे जे होतं ते सगळं तिच्यात आहे.

आईने मोबाइलवर फोटोच काढून आणला होता. फार बरं केलं. शी किती दिवसांनी होते यापेक्षा ती कशी होते, हे मला आधी बघायचं असतं. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला पाच-सहा दिवस शी झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ झाली, पोट मऊ आहे, बाळ हसतंय, पितंय, वजन वाढतंय, तर त्याला बद्धकोष्ठता म्हणत नाहीत. काही लहान बाळं दहा-दहा मिनिटं कुंथतात, लालबुंद होतात, रडतात आणि मग अगदी पातळ शी करतात. पोटाने जोर लावताना खालचा भाग सैल सोडायचा असतो, ते तंत्र अजून जमलेलं नसतं, एवढंच. नऊ महिन्यांच्या आत ते आपोआप जमतं. या फोटोत मात्र लंगोटावर बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे, कोरडे खडे होते आणि एका खड्यावर लाल रेघ. म्हणजे काळजी खरी होती.

मग मी विचारलं, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय दिलंस, ते क्रमाने सांग." सकाळी गाईच्या दुधातली रव्याची खीर. दुपारी गुरगुट्या भात आणि वरणाचं वरचं पाणी. चारला दुधात कालवलेली बिस्किटं. संध्याकाळी केळं. आणि अंगावर? "रात्री दोनदा पितो. दिवसा मीच कमी केलंय, पोटभर खावं म्हणून." पाणी? "दोन-चार चमचे. उन्हाळा आहे, पण पाण्याने पोट भरेल ना."

आईचं दूध जवळपास सगळं पचतं, मागे गाळ फार थोडा उरतो. रवा, पांढरा भात आणि मैद्याची बिस्किटं यांत कोंडा जवळजवळ नसतोच. वरणाच्या पाण्यात डाळ नसते. त्यात आईचं दूध तोडलं, म्हणजे पोटात जाणारं पाणीच तोडलं. मोठं आतडं आपलं काम करत राहतं, उरलंसुरलं पाणी शोषून घेतं, शी सुकते. गाईचं दूध प्यायला म्हणून वर्षाच्या आत देऊच नये. त्यात लोह नगण्य असतं आणि कित्येक बाळांची शी त्यानेच घट्ट होते. केळ्यावर विनाकारण राग असतो. पूर्ण पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं केळं चालतं, अर्धंकच्चं नको.

आजी इतका वेळ गप्प होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावते मी. लगेच होते. माझी चारही त्यानेच मोठी झाली." खोटं नव्हतं, देठ लावला की शी होते. पण आतलं अस्तर फार नाजूक असतं. मी म्हटलं, "आजी, ती लाल रेघ बघा. तिथे चीर पडलीय. शी करताना त्याला आग होत असणार. म्हणून तो पाय ताठ करतो, आवळून धरतो. आवळली की आतली शी आणखी सुकते, पुढच्या वेळी आणखी चिरते." आजींनी फोटो पुन्हा हातात घेऊन नीट पाहिला. साबणाची वडी लावण्याबद्दलही मी तेव्हाच बोलले, कारण शेजारपाजारचं कुणी ना कुणी ते सुचवतंच. साबणाने अस्तर भाजतं. तोंडाने एरंडेलही नको. आणि गुटीत मध असेल तर वर्षाच्या आत थेंबभरही नको. मधातल्या जंतूच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बऱ्याचदा शी न होणं हेच असतं.

रक्त दिसलं होतं म्हणून त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून चीर असल्याचं सांगितलं आणि शी मऊ करणारं औषध थोड्या दिवसांसाठी दिलं. ताटाचं काम माझ्याकडे होतं.

पहिली गोष्ट, अंगावरचं दूध मागेल तेव्हा, दिवसाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीनदा खाणं पुरतं, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. दुपारी भात आणि मूगडाळीची सैल खिचडी, त्यात लाल भोपळा नाहीतर दुधी शिजवून कुस्करलेला, वरून छोटा चमचा तूप. मीठ नको, साखर नको. बिस्किटाच्या जागी पिकलेली पपई किंवा वाफवून कुस्करलेलं पेर. पेरात आणि सुक्या आलुबुखारात सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती पूर्ण शोषली जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते. काळ्या मनुका रात्री भिजवून, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून गाळून दिल्या तरी चालतात. अख्खी मनुका कधीही नको, घशात अडकते. खाल्ल्यावर उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने, घोट घोट, दिवसभरात मिळून अर्धा ते एक कप.

नाचणीवर आजींचा आक्षेप होता, "त्याने घट्ट होते." त्या सत्त्व कसं करतात ते विचारलं. मोड आणून, वाळवून, दळून वस्त्रगाळ करायच्या. मोड आणणं उत्तमच, त्याने पेज सैल राहते. पण कोंडा सगळा फडक्यावर राहतो आणि फेकला जातो. म्हटलं, पिठाच्या बारीक चाळणीने चाळा आणि पेज ओघळेल इतकी सैल ठेवा. हे त्यांना लगेच पटलं. दळणाचं सगळं त्यांच्याच हातात होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, रडवेली होती. "काहीच फरक नाही." उलटी नव्हती, पोट फुगलेलं नव्हतं, पोरगं पीत होतं, खेळत होतं. मी थांबायला सांगितलं. खाण्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, आणि नेमकं याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी देठ काढतं. आंघोळीनंतर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात फिरवायचा, पाय सायकलसारखे हलवायचे, गुडघे पोटाशी न्यायचे, हे आजींकडे दिलं. आठवडा सरता सरता आईने फोटो पाठवला. शी मऊ, एकसंध, रेघ नाही.

हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, ताप, पिणं बंद, वजन न वाढणं, शीत पुन्हा पुन्हा रक्त, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. त्रास जन्मापासूनचा असेल, पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. आतड्याचा किंवा थायरॉइडचा जन्मजात दोष तपासावा लागतो.

मे महिन्यात ती माहेरी गेली. तिथे लाडाने पुन्हा बिस्किटं सुरू झाली, शी पुन्हा घट्ट. या वेळी पेर आणि पाणी तिचं तिनेच सुरू केलं. फोन केला तो एवढंच विचारायला, की आशाताईंनी दिलेलं लोहाचं सिरप बंद करू का. आठवड्यातून दोनदा १ मिलिचं ते सिरप सांगितल्या मापात सहसा शी घट्ट करत नाही, आणि या वयात लोह हवंच असतं. शी काळपट दिसेल, त्याला घाबरू नकोस, सिरप चालू ठेव, असं तिला सांगितलं.