ट्रायल्स रायडिंग नुकतंच सुरू केलंय, बूट कुठले घेऊ? मोटोक्रॉसचे चालतील का?

नाही चालणार. घाईत असाल तर एवढंच वाचून जा, बाकीचं खाली सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात हिरोच्या एक्सपल्स मोटरसायकलवर ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता दगडधोंड्यांतून गाडी काढायची प्रॅक्टिस चालू केलीय, बजेट सहा-सात हजार आहे आणि दुकानदार म्हणतोय सेकंडहँड मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचे बूट घ्या, एकदम सेफ. हे "एकदम सेफ" मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना. आमचे दाजी पुण्याला असतात, गाड्यांचं वेड त्यांनाही आहे, आणि त्यांचं ठाम मत असं की बूट जेवढा कडक तेवढा पाय सुरक्षित. माझे बूट बघितले की दर वेळी ठरलेलं वाक्य, "काय पाव्हणं, दारं धरायला निघालाय काय?"

मागं एकदा आषाढात ते आले होते. कोरेगावच्या बाजूला मित्राचं रान आहे, त्याच्या कडेनं ओढा जातो, तिथं आम्ही काठ्या रोवून सेक्शन, म्हणजे गाडी काढायची ठरलेली वाट लावतो. त्या दिवशी पाऊस उघडला होता पण कातळावर शेवाळ चांगलंच धरलेलं. सेक्शन साधाच, ओढ्यातून वर चढायचं, दोन धोंड्यांच्या मधून वळायचं आणि दुसऱ्या अंगानं परत पाण्यात उतरायचं. मी म्हटलं दाजी, आधी दोन-तीनदा पायी फिरून बघा, कुठला दगड हलतोय ते कळतं, तर ते एकदाच गेले आणि परत आले, कारण त्यांच्या त्या मोटोक्रॉसच्या बुटात चालणं म्हणजेच शिक्षा, घोटा वाकत नाही, तळवा गुळगुळीत, दगडावर पाय टेकला की आधी हात कशाला तरी धरायला जातो. मग माझीच एक्सपल्स घेऊन निघाले. चढ मस्त काढला, वळण पण काढलं, रायडर वाईट नाहीतच ते. उतारावर मागच्या ब्रेकला नुसता चवडा टेकवायचा असतो, तिथं त्यांचा घोटा मोकळा नसल्यामुळं अख्खी पोटरी खाली दाबली गेली, चाक लॉक झालं, मागची बाजू सरकली, डावा पाय खाली टाकला तो शेवाळावर, आणि मोटोक्रॉसच्या सपाट तळव्याला शेवाळावर धरायला काहीच नसतं. गाडी आडवी, पाय खाली.

पायाला काही झालं नाही, हे आधीच सांगतो. आणि तिथूनच वाद सुरू झाला. रात्री जेवताना दाजी ताईला सांगतायत, "बूट होते म्हणून पाय वाचला." मी म्हटलं, "दाजी, बूट तसले होते म्हणून पाय खाली गेला." ते म्हणाले पडणं तर खेळात आहेच. मी म्हटलं तेच तर, आपल्या खेळात न पडणं हाच खेळ आहे. पाय एकदा टेकला की दंडाचा एक पॉइंट, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त टेकला तर तीन, आणि गाडी पडली की थेट पाच. शेवटी ताईनं दोघांच्या ताटात भाकरी टाकली आणि विषय तेवढ्यापुरता थांबला, पण आजही सणावाराला भेटलो की तिथूनच पुढं सुरू होतो.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण दुकानदार हे सांगणार नाही. मोटोक्रॉसचा बूट कडक असतो ते त्या खेळासाठी बरोबरच आहे, तिथं वेग असतो, लांब उड्या असतात, उडीनंतरच्या आदळण्यात घोटा मुरगळू नये आणि मागून येणाऱ्याचं चाक पायावर गेलं तरी निभावावं म्हणून. ट्रायल्सचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. पूर्ण वेळ उभं राहून, चवड्यावर तोल धरून, गुडघे पुढं-मागं करत गाडी चालवायची, म्हणजे घोटा पुढच्या बाजूला सहज वाकला पाहिजे, ब्रेक पेडल बुटातून जाणवलं पाहिजे आणि ओल्या दगडावर तळव्यानं पकड घेतली पाहिजे. म्हणून ट्रायल्सच्या बुटाचा तळवा ट्रेकिंगच्या बुटासारखा खाचांचा असतो. गार्नेचे बॅलन्स, अल्पाइनस्टार्सचे टेक टी, फॉर्माचे बोल्डर, कुठलेही घेऊन बघा, तिन्हीत हेच दिसेल. स्पेनचा ट्रायल्स रायडर टोनी बोऊ २००७ पासून सलग कितीतरी वर्षं आउटडोअर आणि इनडोअर दोन्हीकडं जगज्जेता ठरलाय, त्याच्या घोट्याकडं बघत एखादा व्हिडिओ बघा, घोटा सतत हलत असतो.

आणि कडकपणा नकोच असंही नाही, तो कुठं हवा हे महत्त्वाचं. तळवा आडवा चेपता कामा नये, म्हणजे गाडी आणि दगड यांच्या मध्ये पाय सापडला तर बूट बाजूनं दबू नये. युरोपच्या ईएन १३६३४ या स्टँडर्डचे बूट असतील तर आत लेबलवर मोटरसायकलचं चित्र आणि चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. चौथा आकडा या आडव्या मजबुतीचाच, तो २ बघून घ्या. हे मी दाजींना लेबल दाखवून सांगितलंय. मजबुती आणि घोट्याचा ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना ते एकच वाटतं.

अडचण अशी की हे बूट आपल्याकडं दुकानात सहज दिसत नाहीत, आणि बाहेरून मागवायचे तर चांगल्या जोडीचे दोनशे युरोच्या पुढं, वर कस्टम ड्युटी. सहा-सात हजारात विषय संपला. म्हणून मी काय केलं ते सांगतो. चामड्याचे, नडगीच्या मध्यापर्यंत येणारे, बकलवाले टूरिंग बूट जुने घेतले, घोटा मऊ पडलेले, तळवा पार गेलेला. आमच्या गावातले चप्पल-बूट शिवणारे काका आहेत त्यांच्याकडं नेले आणि फूटरेस्टचा एक जुना दातेरी तुकडा पण सोबत नेला, की बघा हे याच्यावर घासणार. काकांनी रापीनं जुना तळवा सोलून काढला, खालची शिवण चाचपली, म्हणाले वेल्ट, म्हणजे तळवा शिवायची कडेची पट्टी, शाबूत आहे, होईल. जाड खाचांचं रबर मापात कापलं, सोल्युशन लावून सुकू दिलं, मग आरीनं कडेकडेनं टाका घातला, आणि मध्ये जिथं फूटरेस्ट येतो तिथं स्वतःहून एक आडवी जादा पट्टी बसवली, मी सांगितलं नव्हतं. घोट्याच्या दोन्ही हाडांवर आतून जाड फेल्टचे गोल तुकडे शिवले. दाजींच्या बुटांच्या किमतीत असल्या कितीतरी जोड्या होतील, आणि त्याच ओढ्यात त्याच शेवाळावर मी या बुटांनी उभा राहतो.

फक्त जुना बूट घेताना तळवा शिवलेला आहे ना बघा. ज्याचा रबराचा तळवा साच्यात थेट चामड्यावर ओतलेला असतो, मिल्ट्रीचे डीएमएस बूट असतात तसा, त्याला नवीन तळवा शिवणं अवघड. गमबूट नकोत, पाण्यानं भरतात आणि घोट्याला काही आधार नाही. एमआयडीसीतले सेफ्टी शूज पण नकोत, पुढची स्टीलची टोपी गिअर लिव्हरखाली अडकते आणि बूट घोट्यापाशीच संपतो. नाडीवाले असतील तर नाडी झाकणारा पट्टा हवाच.

घालून बघताना पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहा, जाड मोजे घालून, आणि गुडघे वाकवा. नडगी पुढं आली आणि टाच बुटात जागेवर राहिली तर बूट बरा. टाच आत उचलली जात असेल तर सोडून द्या, मग तो कितीही भारी असो.

एक गोष्ट मात्र दाजींच्या बाजूनं. खरी ट्रायल्स बाईक सत्तर किलोच्या आसपास असते, तुमची एक्सपल्स दीडशेच्या वर. ती पायावर पडली तर मऊ बूट पुरेसा नाही, म्हणून आत नडगीपर्यंत येणारा नी-गार्ड घालाच, बजेटमधले हजार-दीड हजार त्याला ठेवा. आणि पूर्वी घोटा मोडलेला असेल तर डॉक्टरांना विचारा, तिथं कडक बूटच लागू शकतो. काकांनी शिवलेल्या बुटाला कुठलं सर्टिफिकेट नसतं हेही मान्य, हायवेवर फिरायला मी ते घालत नाही.

प्रॅक्टिसला कासच्या पठारावर मात्र जाऊ नका, साताऱ्यातली नवीन पोरं तिकडंच वळतात म्हणून सांगतो. तिथल्या कातळाच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि फुलं त्यातच येतात, एक चाक फिरलं की गेलं. कुणाचं तरी पडीक रान विचारून घ्या. बूट भिजले की चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा आणि मग मेण लावा.