थंडरबोल्ट बघायला जाताना

अरे, ‘४२७ इंजिन (४२७ घन इंचांचं मोठं इंजिन) आहे म्हणजे गाडी अस्सल’ हे आधी डोक्यातून काढ. इंजिन काय, कुणीही बसवतं. ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी कारखान्यानेच बनवलेल्या या जुन्या अमेरिकन गाड्यांचं खरं इंगित, वजन कमी करायला कारखान्याने काय काढून टाकलं, त्यात आहे.

१९६४ ची फोर्ड थंडरबोल्टच घे. ती फोर्डच्याच फेअरलेन गाडीवरून बनवली. साध्या फेअरलेनला समोर चार दिवे. हिच्यात आतल्या दोन दिव्यांच्या जागी जाळ्या. तिथून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरकडे जातात, म्हणजे इंजिनला बाहेरची गार हवा. खिडक्यांना काचेऐवजी प्लेक्सिग्लास. रेडिओ नाही, हीटर नाही, शेजारच्या बाजूचा वायपरसुद्धा नाही! आणि वजनात एवढी काटकसर करून डिकीत भलीमोठी, जड बॅटरी. वेडेपणा नव्हे हा. मागच्या उजव्या चाकावर वजन पडलं की सुटताना टायर जागच्या जागी फिरत नाही.

खिशात लोहचुंबक ठेव. बॉनेटला चिकटला नाही तर फायबरग्लास. पण लगेच हुरळू नकोस, तसलं बॉनेट नकली गाडीलाही लावतात. मीच एकदा फसलोय. कागदपत्रं आणि नंबर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय विसार देऊ नकोस.

डॉज कंपनीची अशीच शर्यतीची गाडी, १९६८ ची हेमी डार्ट, कुठे दिसली तर मात्र दरवाजा उघडून बघच. काच वर-खाली करायला हँडल नाही, चक्क पट्टा ओढायचा. दरवाज्याचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला असतो, तेव्हा त्याला रेलून उभा राहू नकोस. मालक ओरडतात.