रिॲक्टर घाटात उलटला तर?

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात तवंदी घाटात डिझेलचा टँकर उलटून पेटला, आम्ही चार तास बसमध्ये अडकलो. भाऊ म्हणतो, अमेरिकेत ट्रकवरून नेता येणारा रिॲक्टर (अणुभट्टी) बनवतायत. तो असा उलटला तर निपाणीचं हिरोशिमा होईल का?
– एक वाचक भगिनी, संकेश्वर

उत्तर: ताई, हिरोशिमा नाही. त्यातलं युरेनियम बॉम्बच्या दर्जाचं नसतं, आणि धडकेनं बॉम्ब होतही नाही. पण ‘काही होत नाही’ असंही मी म्हणणार नाही. कैगाच्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजण्यात माझी २२ वर्षं गेली. कुठल्याही वस्तूजवळ जाताना आमचा पहिला प्रश्न एकच: चालू होती का, आणि बंद होऊन किती वेळ झाला?

तुमच्याकडचं गुऱ्हाळ आठवा. चुलवाणात जळण घालायचं थांबवलं तरी काहिलीतला रस उकळतच राहतो. रिॲक्टर बंद करताच चालू असतानाच्या ६-७ टक्के उष्णता उरते, दिवसभरानं अर्धा टक्का. १० मेगावॉट उष्णतेच्या यंत्रात हा अर्धा टक्का म्हणजे २ किलोवॉटच्या २५ शेगड्या, न विझणाऱ्या. कोरं, रिॲक्टरमध्ये कधीच न वापरलेलं इंधन मात्र थंड असतं. ते उलटलं तर मला फारशी काळजी नाही. अमेरिकी लष्कराच्या फिरत्या रिॲक्टरच्या योजनेत, ‘प्रोजेक्ट पेले’त, बंद केल्यापासून ७ दिवसांत यंत्र हलवता यावं अशी अट आहे. इंधन खसखशीएवढ्या दाण्यांचं, दाण्यावर सिलिकॉन कार्बाइडचं कवच, १६०० अंशांपर्यंत टिकणारं. मला ते आवडलं. पण सात दिवस ही घाई वाटते.

धडकेचं म्हणाल तर, १९८४ मध्ये इंग्लंडात वापरलेलं इंधन नेण्याच्या पोलादी पेटीवर ताशी १६० किलोमीटर वेगानं आगगाडी आदळवली होती. गाडीचा चुराडा, पेटी शाबूत. मात्र तो जाडजूड डबा. रिॲक्टरला नळ्या, झडपा आणि अणू फुटण्याची साखळी आवरणाऱ्या नियंत्रण-कांड्या असतात. तो हिरण्यकेशीत पडून पाणी आत शिरलं, तर पाण्यानं न्यूट्रॉन (अणू फोडणारे कण) मंदावतात, मंद न्यूट्रॉन अणू जास्त सहज फोडतात, आणि काही रचनांत ही साखळी आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून कांड्या कुलपात हव्यात.

मला खरी धास्ती आगीची. अशा पेट्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी ८०० अंशांत ३० मिनिटांची असते. ताई, तुमचा तो टँकर किती वेळ जळत होता?