फडावर बूट वाटायला जाण्याआधी

अरे, ऊसतोड मजुरांना बूट वाटायची तुझी तळमळ खरी आहे, पण पोत्यात जुन्या चपला कोंबून थेट फडावर जाऊ नकोस. 2019 च्या पुरानंतर सांगलीत मी तेच केलं. उंच टाचांच्या सँडल, जोडी नसलेले बूट. निम्मा माल परत आणला आणि रांगेतली माणसं अनवाणीच गेली. अजून सलतं ते.

आधी मापं घे. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की वाळवा तालुक्यात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, टाकतात. तिथं संध्याकाळी जा. दिवसभराच्या कामानं पाय सुजलेले असतात, तेच खरं माप. कागदावर पाय ठेवायला सांग, पेन सरळ धरून रेघ ओढ, दोन्ही पायांची. बोटांपुढं अर्धा इंच जागा राहू दे. पोरांना "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन नंबर मोठा देऊ नकोस, टाच घासून फोड येतात.

तोडलेल्या उसाची बुडखं पायात घुसतात, तिथं पातळ स्लीपर काय कामाची? जाड तळव्याचा बंद बूटच हवा. कुणाला साखरेचा त्रास असेल तर बुटात हात घालून शिवण चाचपून बघ. बधिर पायाला जखम कळतच नाही.

बायका माप द्यायला लाजतात, सोबत एखादी ताई ने. आणि वाटताना फोटो नको काढूस, बाबा.