"मला काहीच नाही, मग हिला कुठून आलं?"

जननेंद्रियाच्या हर्पिसचं, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या, फोड आणणाऱ्या विषाणूच्या आजाराचं निदान झालं की आमच्या समुपदेशनाच्या टेबलापाशी दुखण्याची चर्चा कमी आणि चौकशीच जास्त चालते. कोणी आणलं, कधी आणलं, कुठून आणलं? ही जोडीही त्यातलीच. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) लग्नाला काही वर्षं झालेली, नवरा टेम्पो चालवतो, निम्मा आठवडा बाहेरगावी. बायकोला ताप, जांघेत गाठी, आणि लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यावं अशी आग. मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब लावल्यावर ती आणखी भडकलेली. डॉक्टरांनी तपासलं, लाल किट लिहून दिलं आणि दोघांना माझ्याकडे धाडलं.

सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांच्या औषधांची पाकिटं रंगावरून ओळखतात. लाल म्हणजे हर्पिसचं: असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅमच्या 21 गोळ्या, दिवसातून तीन, सात दिवस. नवरा ते पाकीट उलटसुलट करत म्हणाला, "मॅडम, मला तर काहीच नाही. मग हिला कुठून आलं?"

ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या वाक्यातला आरोप तिला बरोबर कळला होता.

मी त्याला सांगितलं, "तुम्हाला काही दिसत नाही, म्हणजे तुमच्या अंगात विषाणू नाही असं होत नाही." हर्पिस असलेल्या बहुतेकांना कधी फोड येतच नाहीत, किंवा एखादा बारीक चट्टा येतो आणि घामोळं समजून विसरला जातो. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. शिरकाव झाल्यावर थोड्याच दिवसांत फोड येऊ शकतात, तसेच पहिले ठळक फोड कित्येक वर्षांनीही येऊ शकतात. त्यामुळे फोड या आठवड्यात आले म्हणून लागणही आत्ताचीच, हा हिशेब चुकतो. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, त्याच्याकडून की तिच्याकडून, फोड बघून कोणीच सांगू शकत नाही.

नंतर दोघांशी वेगवेगळं बोलले. एकट्याने कोण काय बोललं ते दुसऱ्याला सांगत नाही, आणि इथेही लिहीत नाही. एक गोष्ट मात्र नवरा सगळ्यांसमोरच बोलून गेला: ताप आला की त्याच्या ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठतो. "ताप बाहेर पडतो" म्हणून घरी कोणी त्याची दखल घेत नाही. तो बहुतेक वेळा हर्पिसच, त्याच्या दोन प्रकारांपैकी पहिल्या प्रकारचा. जगातल्या 50 वर्षांखालच्या दर तीन माणसांपैकी साधारण दोघांत तो असतो. तोंडाने संबंध ठेवल्यास तोच खाली जाऊ शकतो. मग मला तोही प्रश्न विचारावा लागला. दोघं एकमेकांकडे न बघता हसली, उत्तर मिळालं. तरी "म्हणजे असंच झालं" असं मी म्हटलं नाही. फोडातल्या पाण्याची तपासणी केली तर प्रकार कळतो. कोणाकडून आला हे त्यातही येत नाही.

"मग रक्त तपासून टाका ना," तो म्हणाला. हर्पिसच्या अँटिबॉडी रक्तात दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि दिसल्या तरी त्या तारीख सांगत नाहीत. त्या चाचणीवर पैसे घालून घरात फक्त भांडणाला नवा कागद मिळतो, असं माझं स्पष्ट मत आहे. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र दोघांचीही त्याच दिवशी केली. जननेंद्रियावर जखम असेल तर ती टाळायची नसते. उघड्या जखमेतून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. तिथे मी 'बघू पुढच्या वेळी' ऐकून घेत नाही.

तिचा प्रश्न नवरा बाहेर गेल्यावर आला. "ताई, हे कायमचं का?" विषाणू कायमचा, फोड नाही. पहिली खेप सहसा सगळ्यात वाईट असते, पुढच्या हलक्या आणि विरळ होत जातात. खेपा वारंवार येत असतील तर डॉक्टर रोजची गोळी देतात; त्याने खेपा कमी होतात आणि जोडीदाराचा धोकाही घटतो. मुंग्या किंवा चुणचुण सुरू झाली की कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. एरवी कंडोम, कारण फोड नसतानाही विषाणू बाहेर पडतो. कंडोम सगळी जागा झाकत नाही, म्हणून तो धोका पुसत नाही, कमी करतो. आणि त्याच्या ओठावर फोड असतील तेव्हा तोंडाने संबंध अजिबात नको. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतलं की आग कमी होते, हेही सांगितलं; त्या दिवशी तिला तेच सगळ्यात उपयोगी वाटलं असावं.

हर्पिसवर लस नाही. तसाच संबंधातून पसरू शकणाऱ्या हिपॅटायटिस बी वर आहे, तीन डोसांची, आणि ती दोघांपैकी कोणीच घेतलेली नव्हती. त्याचीही चिठ्ठी दिली.

पुढे ती एकटीच आली, मूल हवं म्हणून. हर्पिसमुळे दिवस राहायला अडचण येत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका मोठा. जुनी लागण असेल तर तो बराच कमी. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात, म्हणून बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असायलाच हवं. गरोदरपणाचं कार्ड सासूच्या हाती पडतं, त्यावर हर्पिस लिहू नका, असं तिचं म्हणणं. मग असं ठरलं की नोंदणीच्या दिवशी ती माझ्यासोबत डॉक्टरांच्या खोलीत जाऊन तोंडी सांगेल, आणि 36व्या आठवड्यापासून फोड रोखणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या का तेही तेव्हाच विचारेल.