बल्ब नंतर, आधी वायर पाहा भाऊ

संत्र्याचा सीझन, त्यात पहाटेचं धुकं, त्यामुळं या वेळी पत्रं आली ती बहुतेक हेडलाइटवरचीच. त्यातली तीन घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते वाचल्याशिवाय दुसऱ्याकडं जाऊ नका.

प्रश्न : माझी २००९ ची पिकअप आहे, घरचा अन् शेजारपाजारचा संत्रा काटोलहून नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो. निघायचं रात्री दोन-अडीचला. अलीकडं समोरचं काही दिसूनच नाही राहिलं. मागच्या आठवड्यात फेटरीच्या अलीकडं रोही (नीलगाय) एकदम बोनेटसमोर आला, ब्रेक लागला म्हणून वाचलो, दोन कॅरेट मात्र रस्त्यावर सांडले. मिस्तरी म्हणते १००/९० वॅटचे बल्ब टाक, साळा म्हणते एलईडी टाक. बॅटरी नवीन आहे, बल्बही दिवाळीतच बदलले, तरी उजेड दिव्यातल्या वातीसारखा पिवळा. काय करू?
— एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, रोह्यापासून वाचलात हे आधी चांगलं झालं. आता खिशातले पैसे खिशातच राहू द्या, निदान या आठवड्यात तरी. बॅटरी नवी, बल्ब नवा, तरी उजेड पिवळा, म्हणजे मधे कोणीतरी खाऊन राहिलंय. तुमच्या गाडीत जो साधा एच४ बल्ब असतो तो अप्परला ६० वॅट अन् डिपरला ५५ वॅटचा, आणि तो काही वाईट बल्ब नाही, त्याला पूर्ण व्होल्टेज मिळालं तर काटोल रोडला पुरून उरतो. त्याला ते मिळत नाही ही खरी भानगड आहे.

जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघतो, डॅशबोर्डच्या मागं जातो, लाइटच्या स्विचमधून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, तिथून परत बोनेटमध्ये, बारीक वायरनं बल्बपर्यंत, आणि बल्बमधून बॉडीच्या अर्थिंगला. पंधरा वर्षांत या वाटेवरचा एकेक कपलर हिरवा पडतो, स्विचचे पॉइंट काळे होतात, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. आणि हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड लय कमी होतो, सरळ हिशोबानं नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट अन् बल्बच्या होल्डरवर १२, एवढाच फरक असला तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड गेला समजा. बल्ब तोच, पैसे तेवढेच, उजेड मात्र ६० टक्के.

खात्री करायला मल्टीमीटर लागेल. नागपूरला बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा स्वस्तातला मिळतो, तोच घ्या, महागाचं काम नाही. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, मीटर डीसी २० वर ठेवा. एक पिन बॅटरीच्या प्लसला अन् दुसरी बल्बच्या मागं होल्डर न काढता प्लसच्या पिनला टेकवा. जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज वाटेत गायब होऊन राहिलं. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थिंगपर्यंत. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक, मग दोष काचेत किंवा रिफ्लेक्टरमध्ये शोधायचा. तुमच्याकडं दीड-दोन व्होल्ट निघाले तर मला नवल वाटणार नाही.

आता मिस्तरीच्या १००/९० ची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा असताना मामाच्या पिकअपला हेच करून दिलं होतं, तेव्हा मला सगळंच येत होतं. पहिल्या रात्री मामा खुश, चारचौघांत सांगत फिरले की भाच्यानं दिवस उगवून दिला. तीन आठवड्यांनी बुटीबोरीच्या पुढं समोरून ट्रक आला म्हणून मामांनी डिपर मारायला दांडी ओढली तर दोन्ही लाइट गुल, गाडी ६० च्या स्पीडला अन् समोर काळं कुट्ट. गाडी कशीबशी कडेला लागली. दुसऱ्या दिवशी स्विच उघडला तर आतली पितळेची पट्टी प्लास्टिकमध्ये रुतलेली, अन् प्लास्टिक असं फुगलेलं जसे गच्चीवर वाळत घातलेले सांडगे. होल्डर हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला.

त्याचं कारण सोपं आहे. दोन्ही बल्ब मिळून १२० वॅटला जवळपास १० अँपियर करंट लागतो. वाटेत १.८ व्होल्ट गळत असेल तर वायर अन् स्विचमध्ये १८ वॅटची उष्णता, म्हणजे एक बारकं सोल्डरिंग आयर्न तुमच्या डॅशबोर्डमागं रात्रभर चालू. बल्ब २०० वॅटचे केले की करंट १६-१७ वर जातो अन् ती उष्णता दुप्पट नाही, ४०-५० वॅटवर जाते, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. वर गळती पण वाढली, म्हणजे मोठ्या बल्बला त्याचं पूर्ण व्होल्टेज मिळतच नाही. सोसायचं स्विचनं, अन् फायदा अर्धाच.

म्हणून करायचं ते रिलेचं काम. रिले म्हणजे बारक्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन रिले लागतात, एक अप्परला अन् एक डिपरला. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची जाड वायर काढा, ती फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून सरळ बल्बला. तुमची जुनी बारीक वायर जी स्विचमधून येते ती आता बल्ब पेटवणार नाही, फक्त रिलेच्या ८५-८६ ला इशारा करेल, तिथं करंट अँपियरच्या पाचव्या हिश्श्याएवढाही लागत नाही. स्विच बिचारा सुटला. अर्थिंगसाठीही दोन्ही हेडलाइटपासून तेवढीच जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला आणा. लोक प्लसची वायर टाकतात अन् अर्थिंग विसरतात, मग म्हणतात फरकच नाही पडला. अर्धी गळती तर तिथंच असते ना.

फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरात पाहिजे, कारण फ्यूजच्या आधीची वायर कुठं घासून बॉडीला लागली तर ती वाचवायला कोणीच नाही. आणि माझं मत असं की डाव्या-उजव्या बल्बला वेगवेगळे फ्यूज द्या, एक उडाला तरी दुसरा डोळा उघडा राहील. रिले लावताना पिना खाली करून लावा, पावसाचं पाणी आत साचत नाही. जोड पिळून टेप मारू नका, दाबायचे थिंबल वापरा अन् वरून सरकती नळी चढवा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जातो, बोनेटखाली तर टेपचा गोंद वितळून वाहतो. रेडिमेड हार्नेस, म्हणजे रिले अन् वायरचा तयार जुडगा पण मिळतो, प्लगमधे प्लग घालायचा, वायर कापायची नाही. घेताना वायरची जाडी बघा, वरून लठ्ठ अन् आत चार तारा असा माल भरपूर आहे. अजून एक, काही गाड्यांत, जास्त करून जपानी घराण्याच्या, स्विच प्लसकडं नसून अर्थिंगकडं असतो, तिथं साधा हार्नेस चालत नाही. ते आधी मीटरनं पाहून घ्या.

काम झालं की पुन्हा मोजा. मग वाटलंच तर चांगल्या कंपनीचा ६०/५५ चाच जास्त उजेडवाला बल्ब टाका, फक्त तो लवकर जातो हे माहीत असू द्या, एक जादा बल्ब डिकीत ठेवा. निळ्या काचेचा घेऊ नका, निळा थर उजेड खातो, अन् धुक्यात तर पांढरी भिंतच उभी राहते. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं जास्त तापून फुटतो.

सगळ्यात शेवटी ॲडजस्टमेंट, जी कोणी करत नाही. तुमची पिकअप रिकामी असताना एक अन् भरलेली असताना वेगळी. कॅरेट भरले की मागचे पाटे दबतात, समोरचं तोंड वर. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा, मागं फक्त ५ सेंटिमीटर दबली तरी १० मीटरवर उजेड १७ सेंटिमीटर वर चढतो, ५० मीटरवर तोच ८० सेंटिमीटरच्या वर. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. आणि तुमचा रस्ता? तो अंधारात, कारण उजेड झाडांवर. म्हणून जसा माल नेहमी नेता तसा भरा, टायरची हवा बघा, सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर मागं गाडी लावा. भिंतीवर बल्बच्या उंचीची खडूनं रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेखाली साधारण १० सेंटिमीटर यायला पाहिजे, अन् डावीकडं थोडी वर चढलेली दिसली पाहिजे, आपण डाव्या बाजूनं चालतो म्हणून. उजवीकडं चढत असेल तर हेडलाइट परदेशी बाजूचा आहे, तो परतच द्या. तुम्ही रिकाम्या गाडीनंही येता, तेव्हा उजेड जरा जवळ पडेल, ते चालवून घ्या.

प्रश्न : पिकअपला ऑनलाइन एलईडी बल्ब मागवून टाकले. भिंतीवर एकदम दिवस. पण रस्त्यावर समोरचे सगळे अप्पर मारून शिव्या देतात अन् मला लांबचं कमीच दिसते. मी डिपरवरच असतो बाप्पा, मग काहून?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : शिव्या बरोबर देऊन राहिले. एच४ च्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर बनतो तो एका बारीक तारेसाठी, ती तार नेमकी कुठं असेल हे मिलिमीटरमध्ये ठरलेलं. डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून वरची कड सरळ कापल्यासारखी दिसते. एलईडीत तार नाही, पट्टीच्या दोन बाजूंना चिप आहेत. चांगल्या बल्बमध्ये त्या बऱ्यापैकी तारेच्या जागी असतात, बाकीच्यांत जिथं बसेल तिथं. मग उजेड सगळीकडं उडतो.

लांबचं कमी दिसतं त्याचं कारण वेगळं. गाडीसमोरचे दहा-पंधरा फूट इतके पांढरे झालेत की तुमच्या डोळ्याची बाहुली बारीक होते, मग पुढचा अंधार अजून काळा. भिंतीवरचा उजेड बघून बल्ब घेणं म्हणजे ताटावरून भूक मोजणं.

बल्ब फिरवता येत असेल तर चिप डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बसवून बघा, वर-खाली नको. त्यानंही कड सरळ नाही आली तर काढून टाका, पैसे गेले. शिवाय हेडलाइटला मंजुरी मिळते ती ज्या बल्बसाठी तो बनला त्याच्यासकट, तो बदलला की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरबदलावरचं कलम ५२ आडवं येऊ शकतं. तुमची गाडी कमर्शिअल, ८ वर्षांच्या वर गेली असेल तर फिटनेस दरवर्षी, तिथं बीम तपासायला घेतला की अडकलात. एलईडीच पाहिजे असेल तर एलईडीसाठीच बनलेला अख्खा हेडलाइट घ्या, डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशासाठीचा.

प्रश्न : बाबांच्या जुन्या पिकअपचे हेडलाइट प्लास्टिकचे आहेत, पार पिवळे पडलेत. मोबाइलवर बघून मी टूथपेस्टनं घासले, चकचकीत झाले, पण दोन महिन्यांत परत तसेच. बाबा म्हणतात नवीन घेऊ, मी म्हणते थांबा. कोण बरोबर?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : अर्धं तुम्ही बरोबर, ताई. त्या प्लास्टिकवर उन्हापासून वाचवणारा एक थर असतो, तो गेला म्हणून पिवळं पडलं. टूथपेस्ट वरचा मळ घासते, नवा थर काही देत नाही. बाजूच्या पेंटला जाड चिकटपट्टी लावा, पाण्यात भिजवून ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५००, मग २०००. सुरुवातीला पाणी पिवळट दुधासारखं वाहील, ते पांढरं होईपर्यंत ८०० सोडू नका, पुढचे दोन फक्त ओरखडे घालवायला. नंतर कंपाउंडनं पॉलिश, अन् कोरडं झाल्यावर यूव्ही क्लिअर लॅकरचे, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या पारदर्शक थराचे दोन हलके हात. हा शेवटचा भाग टाळला तर पुन्हा दोन महिनेच.

आधी मात्र अंधारात टॉर्च मारून आत बघा. आतला चांदीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला असेल किंवा त्याचे पोपडे निघाले असतील तर बाबा बरोबर, बाहेरून कितीही घासा, परत फेकायला आत आरसाच उरला नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम घ्या, अन् लावायच्या आधी वर काटोलच्या भाऊंना सांगितलं तसं मीटर लावून घ्या.