डिसेंबरची सुट्टी: मुलांना पाहुणे नको, यजमान करा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. यंदा दिवाळी ऐन आठवड्यात आली. लक्ष्मीपूजन रात्री आठला उरकलं, मुलं पेंगुळलेली, दुसऱ्या दिवशी शाळा. आता डिसेंबरात सगळी गल्ली झगमगते आहे आणि मुलगी म्हणते, "आपल्याकडे पूजा असते, त्यांच्याकडे मजा असते." धाकटा विचारतो, सांता आपल्या घरी का येत नाही? नवऱ्याला घरात झाड नको आहे. सांगलीहून सासूबाई विचारतात, "आता ख्रिसमस पण करायला लागलात का?" शाळेला सुट्टी, आमच्या दोघांच्या रजा भारतवारीत संपलेल्या. काय करावं?

उत्तर: तुमच्या मुलीचं म्हणणं मला पटलं. परदेशात आपण दिवाळी कामाच्या दिवसांत कोंबून करतो. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना आता दिवाळीची सुट्टी असते, इतरही काही ठिकाणी असते, पण ती एखाद्या दिवसाची. सहामाही परीक्षा संपली की लागणारी लांबलचक सुट्टी, किल्ल्यासाठी घमेल्यातून आणलेली माती, चकलीच्या सोऱ्यावरून भावंडांची भांडणं, हे त्या एका दिवसात कसं मावणार? उरते पूजा, नवे कपडे आणि फोटो. मुलीला रिकामा वेळ हवा आहे, आणि तो इथल्या कॅलेंडरात डिसेंबरअखेरीस ठेवलेला आहे. दिवाळीत राहून गेलेलं तेव्हा करायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

आधी झाडाचा निकाल लावू. आणायचं असेल तर आणा, नसेल तर आणू नका, पण नवरा-बायकोने मुलांच्या माघारी एकदाच बसून ठरवा. "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर मुलांना सगळ्यात जास्त छळतं. नाही म्हणायचं असेल तर दुसऱ्यांच्या सणाला नावं न ठेवता म्हणा: "ते त्यांच्या घरचं आहे, बघायला आपण जाऊ." आणि मग खरंच जा. थर्मासमध्ये गरम दूध घ्या, मुलांना रात्रीच्या कपड्यांवरच जाड जाकिटं चढवा आणि गाडीतून आसपासची रोषणाई बघून या. एक गोष्ट मात्र नक्की करा. उतरवून ठेवलेला आकाशकंदील पुन्हा टांगा. न्यू जर्सीत डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. अशा अंधारात आपला कंदील माळ्यावर खोक्यात पडून राहावा याला काही अर्थ नाही.

सासूबाईंना वसईची आठवण करून द्या. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज काळापासून नाताळ होतो आणि दारात चांदणीचे कंदील लागतात. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे ताट येतं, त्यात ज्या नेवऱ्या असतात त्या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी. चतुर्थी-दिवाळीला ताट उलट दिशेने जातं. शेजाऱ्याच्या सणात आनंद मानल्याने कोणाचा देव्हारा हललेला नाही. सांगलीच्या सासूबाईंना हे मनातून ठाऊक असतंच; त्यांची धास्ती वेगळी आहे, नातवंडं आपल्यापासून लांब जातील ही. त्यावरचा उपाय पुढे येईल.

सांताचं काय? चार वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान सांगू नका. "काही घरांत सांताचा खेळ खेळतात, आपल्या घरात आपण दिवाळीला किल्ला करतो" एवढं पुरे. तुम्हालाही तो खेळ खेळावासा वाटला तर खेळा, त्यात पाप नाही. मोठीला मात्र बाजूला घेऊन बजावा, की वर्गात कोणाचा भ्रम फोडायचा नाही. नऊ वर्षांच्या मुलीला गुपित सांभाळायला दिलं की ती एकदम मोठी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या मोसमात मुलांना आपण सतत पाहुण्यासारखं वागवतो. इथे नेलं, तिथे नेलं, हे दिलं, ते दिलं. मुलं दमतात, चिडतात, आणि पहिल्या तारखेला विचारतात, आता काय? त्यापेक्षा त्यांना यजमान करा. कोणाला काय द्यायचं, ताटात काय असेल, दार कोण उघडेल, हे त्यांच्या हाती सोपवा.

ताटापासून सुरुवात करा. नानखटाई मुलांना जमते. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची. गोळा चपटा केला की वर पिस्त्याचा काप बसवण्याचं काम धाकट्याचं. आकार वेडावाकडा आला तर येऊ द्या, शेजारच्या आजींना तोच आवडेल. सकाळी नऊला करायला घ्या. तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, सासूबाई निवांत असतात. टॅबलेट ओट्यावर टेकवून ठेवा आणि सूत्रं त्यांच्याकडे द्या. "अजून तूप घाल," "भट्टी फार तापली असेल," असं त्या तिकडून ओरडतील, नात इकडून उलट उत्तर देईल. "आजीला नमस्कार कर, काय जेवलीस सांग" अशा फोनपेक्षा हा फोन कितीतरी जिवंत असतो. ख्रिसमस करताय का, हा प्रश्नही पुन्हा येणार नाही, कारण कारखान्याच्या मुकादम त्याच असतील.

ताट देताना एक पथ्य पाळा. मुलीच्या अक्षरात एक चिठ्ठी लावा आणि त्यावर सगळे घटक लिहा. आपल्याकडे चिवड्यात दाणे, लाडवात काजू, चकलीत तीळ हे गृहीतच असतं. इथे एखाद्या घरात त्यावरून दवाखाना गाठायची वेळ येते. अमेरिकेत दाणे, काजू-बदाम, दूध, गहू हे प्रमुख ॲलर्जीच्या यादीत आधीपासून होते, 1 जानेवारी 2023पासून तीळही त्या यादीत आले. आपला निम्मा फराळ त्या यादीत बसतो, हे आईने कधी सांगितलेलं नसतं.

दुसरं ताट कोणाला? आपल्याकडे पोस्टमन, वॉचमन, कचरा नेणारे यांना दिवाळीची पोस्त द्यायची पद्धत आहे. तीच इथे चालवा. स्कूल बसचे चालक, पत्र टाकणारे काका किंवा मावशी, शाळेच्या दारातला रस्ता ओलांडून देणाऱ्या आजी, यांची यादी मुलांनाच करू द्या. ज्यांना आपण रोज बघतो आणि ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, अशी माणसं मुलांना आपल्यापेक्षा चटकन आठवतात. अमेरिकी टपाल खात्याच्या नियमाप्रमाणे पत्रवाहकांना रोख रक्कम घेता येत नाही, पण एका प्रसंगी 20 डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालते. हातमोजे, कॉफीची पूड, सोबत मुलाने काढलेलं चित्र. पैशाचं पाकीट देऊन त्यांना अडचणीत आणू नका.

खेळणी दान करायची असतील तर अमेरिकेत मरीन कोअर रिझर्व्ह या लष्करी राखीव दलाचा 'टॉइज फॉर टॉट्स' हा उपक्रम 1947पासून चालतो. तिथे नवीन आणि भेटीच्या कागदात न गुंडाळलेली खेळणी लागतात. वापरलेली देऊन "बघा, आम्ही दान केलं" असं होत नाही, आणि मला ते बरंच वाटतं. मुलीला ठरावीक रक्कम द्या आणि दुकानात तिलाच निवडू द्या. स्वतःला आवडलेली वस्तू दुसऱ्यासाठी घेताना तिची चलबिचल होईल. होऊ द्या, मध्ये बोलू नका. फूड बँकेला मात्र घरचा फराळ नेऊ नका, त्यांना डबाबंद आणि सीलबंद जिन्नस लागतात. मुलांना सोबत काम करायला न्यायचं असेल तर वयाची अट आधी फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी लहान मुलं चालत नाहीत.

मग किल्ला. हो, डिसेंबरात. बर्फ पडला तर सोनंच. फार कोरडा, भुरभुरीत बर्फ हातात टिकत नाही. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओलसर बर्फ छान थापला जातो. राजगड करा: मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. फवारणीच्या बाटलीत खायचा रंग घालून भगवा झेंडा रंगवता येतो. पुण्याहून आणलेले मावळे बर्फात उभे करू नका, मार्चमध्ये सापडतील. आणि रस्त्याकडेला साचलेल्या ढिगाऱ्यात मुलांना भुयार खणू देऊ नका. बर्फ काढणारी गाडी येते आणि आत मूल आहे हे चालकाला दिसत नाही. किल्ला मागच्या अंगणातच.

बर्फ नाही पडला तर? डिसेंबरात तुमच्या घरी ॲमेझॉनची खोकी किती येतात ते बघा. त्यांचे बुरूज, पिठाच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राचा डोंगर, आणि उतारावर ओल्या टिश्यूवर पेरलेले हळीव. चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते, म्हणजे सुट्टी लागताच पेरलं तर नववर्षाला किल्ला हिरवागार. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांना या काळात भर उन्हाळा आणि मोठी सुट्टी असते. त्यांनी समुद्रावर वाळूचा सिंधुदुर्ग करावा, भरतीच्या लाटा आयत्या मिळतात. जर्मनीवाल्यांनी 25 आणि 26 डिसेंबरला दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून हळीव आधीच आणून ठेवावेत.

तुमच्या रजेचा प्रश्न राहिला. मंडळातली किंवा मराठी शाळेतली दोन-तीन घरं गाठा आणि दिवस वाटून घ्या. ज्यांना ज्या दिवशी घरून काम करता येईल त्यांच्याकडे सगळी मुलं. त्या दिवशी कार्यक्रम ठरवू नका. पत्त्यांचा जोड द्या, झब्बू आणि बदाम सात शिकवा, दुपारी वरणभात-लिंबू वाढा. मे महिन्यात मामाकडे आपण दुसरं काय करत होतो? पोरं कंटाळतील, तासाभराने काहीतरी खूळ काढतील, घर उलटंपालटं करतील. त्यातच सुट्टी आहे. दर दिवशी तिकीट काढून कुठेतरी नेलंच पाहिजे, हा हट्ट आई-बापांचा असतो.

भेटवस्तूंची चढाओढ जानेवारीत वर्गात होणारच. "तुला काय मिळालं?" या प्रश्नावर तुमच्या मुलीकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं, एवढं बघा. एखादी मनासारखी वस्तू द्या, दिवाळीची राहिली होती म्हणून द्या. कोरडा उपदेश करून मुलांना साधेपणा शिकवता येत नाही, उलट त्यांना आपल्या घराची लाज वाटायला लागते.

शाळा उघडली की आठवड्या-दोन आठवड्यांत संक्रांत येते, आणि धाकटा चारचा आहे म्हणजे बोरनहाणाला अजून उशीर झालेला नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणजे एखादा शनिवार हाताशी लागतोच. काळा झबला-कुडता, हलव्याचे दागिने मिळाले तर उत्तम, नाहीतर नऊ वर्षांच्या ताईने कागदाचा मुकुट करावा. डोक्यावरून ओतायला चुरमुरे भरपूर घ्या. बोरं, उसाचे करवे आणि शेंगा ताटात शोभेपुरत्या ठेवा: तिथे जमलेली पोरं खाली पडलेलं थेट तोंडात घालतात, आणि चारच्या आतल्या मुलांच्या घशात दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या अडकण्याची भीती असते. शेजारच्या मुलांनाही बोलवा. सबंध डिसेंबर तुमचा धाकटा दुसऱ्यांच्या खिडक्यांतली झाडं बघत होता. त्या दिवशी खोलीच्या मधोमध पाटावर तो बसेल. ओतायचं काम ताईकडे.

तिळगूळ वर्गात पाठवायचा असेल तर आधी शिक्षिकेला ईमेल करा. बहुधा नाही म्हणतील. मग पतंग पाठवा.